गव्हाणेबाई आणि साबणाचं पाणी

परवा पेपरात आमच्या जुन्या मालकांचा फोटो आला. एका शाळेचं पटांगण, टेबलावर शेगडी, शेगडीला जोडलेलं सिलिंडर, आणि गळ्यात हार घातलेले मालक हातातल्या ब्रशनं रेग्युलेटरला साबणाचा फेस लावतायत. खाली मजकूर, गॅस सुरक्षेबाबत जनजागृती. ग्राहकाची सुरक्षा हाच आमच्या एजन्सीचा श्वास आहे, असं मालक म्हणाल्याचंही छापलं होतं.

मी तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. रेग्युलेटरचं बटण बंद होतं. बंद रेग्युलेटरवर दिवसभर साबण लावत बसलं तरी एक बुडबुडा येणार नाही. गॅस सोडल्यावरच गळती कळते. एवढी साधी गोष्ट त्या माणसाला एजन्सी चालवून इतक्या वर्षांत माहीत नाही, आणि ज्या बाईला ती माहीत होती तिला त्यानं हाकलून दिलं. ते पत्र मी टाइप केलं होतं. त्यामुळे हे लिहिताना माझ्या डोक्यात जो राग आहे तो सगळा मालकांवरच आहे असं कुणी समजू नये.

गारखेड्यातल्या त्या एजन्सीत मी अकरा वर्षं कॉम्प्युटरवर बसले. गव्हाणेबाई आल्या तेव्हा मला तिथं चार वर्षं झाली होती. द्वारका गव्हाणे. गाव पिशोर, राहायला हर्सूलला. बुटक्या, अंगानं भक्कम, साडीचा पदर कमरेला असा घट्ट खोचलेला की दिवसभरात तो एकदाही सुटायचा नाही. वरून एजन्सीचा निळा एप्रन. तो पुरुषांच्या मापाचा होता, गुडघ्याच्या खाली जायचा. त्यांनी तो स्वतःच आखूड करून आणला आणि उरलेल्या कापडाची साबण ठेवायला पिशवी शिवली.

घरोघर जाऊन शेगडी, नळी आणि रेग्युलेटर तपासायचं त्यांचं काम. त्यांच्या झोळीत एक प्लास्टिकचा वाडगा असायचा, कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाची वडी आणि दाढीचा ब्रश. ब्रशवरून ऑफिसातली माणसं हसायची. सिलिंडरच्या गाडीवरचा एक जण पहिल्याच आठवड्यात म्हणाला, “बाई, दाढी कुणाची करता?”

“ज्याच्या घरी गळती निघंल त्याची,” गव्हाणेबाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या.

आमच्याकडं येण्याआधी त्या वाळूजच्या एका कारखान्यात होत्या. तिथं गाड्यांचे कसलेसे भाग तयार व्हायचे. भाग पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आतून हवा सोडायची आणि कुठून बुडबुडा येतो ते बघायचं. सहा वर्षं त्यांनी हेच केलं. “सहा वर्सं पाण्याकडं बघत बसले मी,” त्या सांगायच्या. “डोळं मिटलं तरी बुडबुडं दिसायचं. एक सुटला तर लाइनवरचा साहेब अख्खी पेटी परत करायचा. तिथं लोखंडासाठी एवढं. इथं तर माणसं हाईत.” तो कारखाना बंद पडला म्हणून त्या एजन्सीत आल्या.

त्यांच्याबरोबर मी दोन-चारदाच फिरले, नवीन ग्राहकांचे कागद गोळा करायला. पण तेवढ्यात त्यांची रीत पाठ झाली. घरात शिरल्यावर घरधनीण चहाचं विचारायची, तर या म्हणायच्या, “चहा मागून. आधी तुमच्या नळीचा जन्म कधीचा ते बघू.” मग ओट्याखाली वाकून नळीवर छापलेली तारीख मोठ्यानं वाचायच्या, एखाद्या मुलाचा निकाल वाचावा तशी. नंतर शेगडीची बटणं बंद, रेग्युलेटर चालू, आणि वाडग्यातला फेस ब्रशनं आधी व्हॉल्व्हवर, मग नळीच्या वरच्या टोकाला, मग खालच्या. फेस लावून झाला की त्या स्तब्ध बसायच्या. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. बुडबुडा फुगला नाही की म्हणायच्या, “पास.” फुगला की काही न बोलता रेग्युलेटर काढून ठेवायच्या आणि मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

तो पट्टा भयंकर होता, हे मी लपवत नाही. शहागंजमधल्या एका म्हाताऱ्या खालांच्या घरी मी तो ऐकला. खाला पलंगावर बसून पान लावत होत्या. “अगे बाई, पच्चीस साल से यहीच चूल्हा है, हमारे को कुछ नहीं हुआ,” त्या म्हणाल्या. गव्हाणेबाईंनी फेस लावला. नळीच्या टोकाला बोराएवढा बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला.

“खाला, उठो. इधर आके देखो,” गव्हाणेबाई म्हणाल्या.

“मेरे घुटने नहीं चलते बेटा.”

“मेरे को मालूम. तरी बी उठो. ये बुलबुला तुम्हारे घुटने नहीं पूछनेवाला.”

मला वाटलं, आता ही म्हातारी आम्हांला घराबाहेर काढणार. पण खाला भिंत धरत आल्या, वाकल्या, बराच वेळ त्या बुडबुड्याकडं बघत राहिल्या. मग सुनेला हाक मारून तिलाही वाकवलं. निघताना त्यांनी गव्हाणेबाईंच्या हातात जबरदस्तीनं पान ठेवलं. पुढं त्या गल्लीतून एजन्सीत फोन यायचे, “वो गुस्सेवाली बाई को भेजो.”

सगळीकडं असं व्हायचं नाही. सिडकोतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तर लेखी तक्रार केली होती. झालं असं की त्यांना वास येत होता म्हणून त्यांनीच फोन केला. बाई पोचल्या तेव्हा प्राध्यापक ओट्यापाशी काडेपेटी घेऊन उभे होते. कुठून गळतंय ते काडी धरून बघू, म्हणजे लगेच कळेल, असं त्यांचं म्हणणं. काडी पेटीला टेकवलेली, ओढायची बाकी. गव्हाणेबाईंनी दारातूनच झेप घेऊन त्यांचा हात धरला आणि पिरगाळला. प्राध्यापक ओरडले, “मी तीस वर्षं विज्ञान शिकवलंय!”

“मंग तुमच्या पोरांची मला लई काळजी वाटती,” बाई म्हणाल्या.

तक्रारीत त्यांनी ‘हात मुरगळला’ असं लिहिलं होतं. ‘काडी’ हा शब्द कुठंच नव्हता. मालकांनी बाईंना आत बोलावून घेतलं आणि अर्धा तास बोलले. बाहेर येऊन बाई माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. “मंजू, माफीचं पत्र लिही म्हंतेत. लिही. पण खाली लिही की काडी वढली असती तर पत्र घ्यायला बी कुणी नसतं.”

मी ते खालचं वाक्य लिहिलं नाही.

एवढ्या कडकपणाचं काहीतरी कारण असणार, असं ऑफिसात सगळ्यांना वाटायचं. यांचं कुणीतरी भाजून गेलं असेल, बहीण असेल, मूल असेल, असे तर्क चालायचे. मलाही तसंच वाटायचं. एकदा दुपारी डबा खाताना मी हळूच विचारलं, “बाई, तुमच्या घरी कधी काही झालं होतं का, गॅसमुळे?”

त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. “कामून विचारलं?”

“तुम्ही एवढं जीव तोडून करता म्हणून.”

“माझ्या घरी काय बी झालं नाय,” त्या म्हणाल्या. आवाज चढला होता. “माझं कुणी जळलं नाय, कुणी मेलं नाय. कुणी मेल्याबिगर माणसानं काम नीट करू नाय का? तुमच्या लोकांना काम करणारा दिसला की त्याच्या घरातलं मढं शोधता तुम्ही!”

त्या दिवशी त्यांनी डबा तसाच झाकला. मी माफी मागितली ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही. पण त्यांच्याबद्दल विचार करायला लागले की मला सगळ्यात आधी हेच आठवतं.

आता त्या फॉर्मांचं सांगते. प्रत्येक ग्राहकाच्या घरची ठरावीक वर्षांनी तपासणी करायची आणि तसा फॉर्म भरायचा असा नियम आहे. गव्हाणेबाई एकट्या. दिवसाला दहा-बारा घरं झाली तर खूप. मालकांना गॅस कंपनीच्या वरच्या ऑफिसला आकडे दाखवायचे होते. मग एक दिवस त्यांनी मला कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, ग्राहकांची नावं कॉम्प्युटरमध्ये आहेतच, भरून टाक. नळी ठीक, रेग्युलेटर ठीक, गळती नाही. सह्या सिलिंडर देताना गाडीवरची माणसं घेतील. माणसं पावतीबरोबर कुठंही सही करतात.

मी भरले. पहिल्या दिवशी हात जड वाटला, दुसऱ्या दिवशी नाही. घरी आई होती, तिचं औषधपाणी होतं, नोकरी हवी होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही पुरेसं नाही.

गव्हाणेबाईंना ते महिनाभरानं कळलं. टीव्ही सेंटरजवळच्या एका घराचा फॉर्म त्यांच्या हाती लागला. त्या घराला त्यांनी स्वतः दोनदा जाऊन कुलूप पाहिलं होतं. आजोबा वारल्यावर घरची माणसं पुण्याला गेली होती. फॉर्मवर आजोबांची सही होती, गाडीवरच्या कुणीतरी ठोकलेली, आणि ‘गळती नाही’ हे माझं टाइप केलेलं.

तो कागद घेऊन त्या माझ्यासमोर आल्या. ओरडतील असं वाटलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मेलेल्या माणसानं दार उघडलं, तुला चहा पाजला, अन् सही केली. व्हय ना?”

त्या तशाच मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. काचेतून मालक हसताना दिसत होते. ते नेहमी हसत बोलायचे. “गव्हाणे, तू तुझी घरं कर ना नीट. तुला कोण अडवतंय?” बाई बाहेर आल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची वही सुरू केली. शाळकरी, दोनशे पानी. ग्राहकाचं नाव, नळीची तारीख, गळती कुठं, काय सांगितलं. हस्ताक्षर मोठं आणि वाकडं. ज्या घराचा फॉर्म मी खोटा भरलाय तिथं त्या मुद्दाम जायच्या. माझ्याकडून यादी मागायच्या आणि मी निमूटपणे काढून द्यायचे. एवढंच काय ते मी केलं.

त्या हिवाळ्यात मालकांनी त्यांच्या शेतात हुरडा पार्टी ठेवली. दौलताबादच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला शेत. रविवारची दुपार. स्टाफ होता, नातेवाईक, चार प्रतिष्ठित, आणि मुख्य पाहुणे म्हणजे गॅस कंपनीच्या वरच्या ऑफिसातले एक मोठे साहेब. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली होती, हुरडा भाजायला. आगटीभोवती सतरंजीवर बायका आणि मुलं बसली होती. वाऱ्याचा त्रास नको म्हणून तिन्ही बाजूंनी कनाती लावल्या होत्या. आणि त्याच कनातीत, आगटीपासून सात-आठ पावलांवर, मालकांची लाडकी गॅसची ग्रिल मांडली होती. चकचकीत, झाकणाची, पनीर नि मक्याची कणसं भाजायला. मागच्या वर्षी हौसेनं घेतलेली आणि तेव्हापासून शेडमध्ये पडून असलेली.

“गव्हाणे, जरा बघून घे,” मालक म्हणाले. म्हणजे त्यांनीच सांगितलं होतं. बाई जेवायला आल्या होत्या, ठेवणीतली हिरवी साडी नेसून. पण झोळी बरोबर होतीच.

त्यांनी पदर खोचला. ग्रिलचं झाकण पूर्ण उघडलं. “हे झाकून कधी पेटवायची नाय, आत गॅस साचतो,” जवळ उभ्या असलेल्या आचाऱ्याला सांगितलं. जाळ्या काढल्या, बर्नरच्या नळ्या काढून त्यांत तार घातली. एका नळीतून वाळलेला चिखल आणि त्यात गुंडाळलेल्या मेलेल्या अळ्या पडल्या. कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं. आचारी शिसारी येऊन मागं सरकला. बाईंनी नळी फुंकून, पुसून परत बसवली. हे सगळं शांतपणे, गुणगुणत. त्या खुशीत होत्या. त्यांना नवीन यंत्र बघायला आवडायचं.

मग बटणं बंद करून सिलिंडर चालू केलं आणि ब्रश फिरवायला लागल्या. रेग्युलेटर पास. वरचा जोड पास. ग्रिलच्या खालून नळी वळून गेली होती तिथं त्या जमिनीवर आडव्या झाल्या. हिरव्या साडीसकट. मी त्यांच्याजवळच उभी होते. नळीवर शेजारी शेजारी दोन जागी बारीक दातांच्या खुणा होत्या. शेडमधल्या उंदरांनी कुरतडलं होतं. फेस लावला तसा तिथं बुडबुड्यांचा घोसच फुटायला लागला. बाईंनी लगेच सिलिंडर बंद केलं आणि उठून बसल्या. त्यांनी आधी आगटीकडं पाहिलं, मग तिच्याभोवती बसलेल्या मुलांकडं.

“झालं का गव्हाणे?” मालक साहेबांना घेऊन तिथं आले.

“नाय सर. नळी उंदरानं खाल्ली. पेटवायची नाय. ह्या मापाची नवी नळी ऑफिसात हाय, आणायला दोन तास लागतील.”

“दोन तास? पाहुणे आलेत. टेप मार.”

“गॅसच्या नळीला टेप मारत नसतेत.”

आचारी म्हणाला की त्याच्याकडं सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे, करकचून बांधतो. मालक म्हणाले, बांध. त्यानं बांधला. बाईंनी पुन्हा सिलिंडर चालू करून फेस लावला. ट्यूबच्या कडेनं बुडबुडे आले, तसं त्यांनी लगेच बंद केलं. मोठे साहेब घड्याळाकडं बघत होते.

“वास तर येत नाहीये,” मालक म्हणाले.

“गॅस खाली बसतो सर. अन् जमिनीचा उतार तिकडं हाय, आगटीकडं. तिन्ही बाजू बंद. जायला दुसरी वाटच नाय त्याला.”

आता सगळे बघायला लागले होते. मालकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. “मंजिरी, तू जवळ उभी आहेस. तुला येतोय का वास?”

मला येत होता. मघाशी बाई आडव्या झाल्या तेव्हा मी वाकले होते आणि तो मला चांगला नाकात बसला होता.

“नाही सर,” मी म्हणाले.

गव्हाणेबाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी रेग्युलेटर काढून झोळीत टाकला, व्हॉल्व्हवर टोपी बसवली. मग सिलिंडर तिरपं करून त्याच्या कडेवर गोल फिरवत फिरवत त्या कनातीबाहेर निघाल्या. पाहुण्यांच्या मधून, मांडलेल्या खुर्च्यांमधून. खुर्च्या बाजूला घ्याव्या लागल्या. मालक ओरडले, “गव्हाणे! ठेव ते खाली!” त्या थांबल्या नाहीत. शंभर पावलांवर विहिरीपलीकडच्या बांधावर त्यांनी ते उभं केलं आणि शेजारी उन्हात बसल्या.

मग मोठे साहेबच हसले. “बाई कडक आहे तुमची!” त्यावर सगळे हसले. मालकही हसले, त्यांना हसावंच लागलं. हुरडा आगटीत भाजला, कणसंही तिथंच भाजली. कुणीतरी म्हणालं, त्या बाईला ताट नेऊन द्या, सिलिंडरची राखण करतेय. पुन्हा हसणं. मीही तोंड हसरं ठेवलं होतं. गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी, सगळ्यांनी पोटभर खाल्लं. मुलं आगटीत काड्या खुपसून खेळत होती. काहीही झालं नाही. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. आणि काहीच झालं नाही म्हणून बाई चुकल्या, असं त्या दुपारी तिथल्या प्रत्येक माणसाला मनापासून वाटलं. गॅस कंपनीचा तो साहेब, ज्याला या कामाचा पगार मिळत होता, तोही त्यांत होता.

चार वाजता माणसं पांगेपर्यंत गव्हाणेबाई बांधावर बसून होत्या. ताट तसंच होतं.

मंगळवारी मालकांनी मला पत्र सांगितलं. वरिष्ठांच्या आज्ञेचा भंग, पाहुण्यांसमोर उद्धट वर्तन, ग्राहकांच्या पूर्वीच्या तक्रारी. आजपासून सेवा समाप्त. मी टाइप केलं, शुद्धलेखन तपासलं. बाईंनी ते उभ्यानं वाचलं, दोनदा.

“मंजू, यात नळीचं काय लिहिलं नाय.”

“मला सांगितलं नाही लिहायला.”

“व्हय. तुला सांगत्यात तेवढंच तू लिहिती.”

त्यांनी माझं पेन घेतलं. पोच म्हणून सही करायची होती. सहीच्या वर त्यांनी आपल्या मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, ‘नळी उंदराने खाल्लेली होती. मी बघितली.’ मग सही. एप्रन घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या. निरोप नाही, हार नाही. कुणी उठून दारापर्यंतसुद्धा गेलं नाही.

पुढं त्या वही घेऊन वरच्या ऑफिसात गेल्या होत्या, असं कानावर आलं. साहेबांनी ओळखलं म्हणे, “अरे, सिलिंडरवाल्या बाई!” चहा पाजला. एक दिवस चौकशीला माणूस आला, त्यानं माझे नीटनेटके फॉर्म चाळले, आणि सगळं व्यवस्थित असल्याचं लिहून गेला. बाईंच्या वहीची अक्षरं वाकडी होती ना.

मी त्यानंतरही दीड वर्ष तिथंच होते. मग एका सकाळी आमच्या एका ग्राहक बाईंच्या स्वयंपाकघरात भडका झाला. जीव वाचला, दोन्ही हात भाजले. त्यांचा मुलगा एजन्सीत आला तेव्हा मालकांनी कपाटातून फॉर्म काढून त्याच्यापुढं धरला. नळी ठीक. गळती नाही. खाली आईची सही. “आम्ही तपासणी केली होती, नंतर तुमच्याकडूनच काहीतरी हलगर्जी झाली असणार,” मालक समजावणीच्या सुरात म्हणाले. त्या मुलाला तोवर वाटत होतं की चूक एजन्सीची आहे. तो कागद बघून तो जायला निघाला. बहुधा आईवरच चिडून घरी गेला असता. ते अक्षर अन् अक्षर माझं होतं. तो जिन्यावर असतानाच मी त्याला गाठलं आणि सांगितलं की ती तपासणी झालीच नव्हती, फॉर्म मी बसल्या जागी भरला होता. लिहून देते म्हणाले, दिलंही. त्या कागदाचं पुढं काय होणार ते अजून ठरलेलं नाही, कोर्टात तारखा पडतायत. माझी नोकरी मात्र त्याच दुपारी गेली.

गव्हाणेबाई त्यानंतर एकदाच दिसल्या, कन्नडला. मी एका लग्नाला गेले होते, परतीची बस सुटायला वेळ होता. आठवडी बाजार भरला होता. स्टँडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, पोत्यावर शेगड्या उघडून त्या बसल्या होत्या. शेगडी दुरुस्तीचं काम. केस बरेच पिकलेले. पुढ्यात दोन गिऱ्हाइकं आणि त्या त्यांना झापत होत्या.

गिऱ्हाइकं गेल्यावर मी पुढं झाले. त्यांनी ओळखलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या भाजलेल्या बाईंचं, कागदाचं. आणि शेवटी म्हणाले, “बाई, त्या दिवशी शेतात मला वास आला होता.”

“मला ठाव हाय. वास आल्यावर माणूस नाक कसं करतं ते मी रोज बघते.”

“मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुझ्याशी भांडू का सिलिंडर हलवू?” त्या म्हणाल्या. मग शेगडीचा बर्नर फडक्यानं पुसत राहिल्या. तो परत बसवत म्हणाल्या, “तू लिहून दिलं ते बरं केलं. पण मी तुला माफ बिफ काय करणार नाय, मंजू. त्या बाईला इचार जाऊन. हात तिचे भाजले.”

“विचारलं. त्या बोलल्या नाहीत.”

“मंग परत जा.”

तेवढ्यात पिशोरकडं जाणारी जीप लागली. बाईंनी शेगड्या पोत्यात बांधल्या, पोतं मागं टाकलं आणि दाटीवाटीत कशाबशा चढल्या. मी हात केला, पण त्या आत जागा करण्यात गुंतल्या होत्या. जीप निघाली, पन्नास-साठ पावलं गेली आणि करकचून थांबली. मला वाटलं, काही विसरलं असेल. मागचं दार उघडलं आणि एकेक करून सगळी माणसं खाली उतरायला लागली. म्हातारे, बायका, पिशव्या, कोंबडी धरलेला एक जण. ड्रायव्हर खाली उतरून हातवारे करत होता. आतून गव्हाणेबाईंचा आवाज इथपर्यंत ऐकू येत होता, “आडवं कामून टाकलं? अन् बिडी कोण वढतोय?”

मग सीटखालून कुणाचं तरी भरलेलं सिलिंडर बाहेर आलं. बाईंनी ते रस्त्याच्या कडेला उभं केलं, स्वतः त्याच्यापुढं उकिडव्या बसल्या आणि झोळीत हात घातला. माणसं उन्हात उभी राहून वैतागली होती, कुणी घड्याळ बघत होतं, ड्रायव्हर कपाळाला हात लावून बोनेटला टेकला होता. बाईंनी एकाला पाणी आणायला पिटाळलं. तो शिव्या देत, पण पळत गेला.